साठच्या खाली

हृदयाचा फोटो काढायचा तर हृदयाने जरा दमाने चालावं लागतं. ठोके मिनिटाला साठच्या आसपास आले की दोन ठोक्यांच्या मधे एक निवांत जागा तयार होते, आणि मशीन आपलं काम त्या जागेत उरकून घेतं. ठोके ऐंशी-नव्वदला असले की ती जागाच उरत नाही. मग फोटोतल्या बारीक रक्तवाहिन्या फरफटल्यासारख्या दिसतात, वाऱ्यावर वाळत घातलेल्या दोऱ्यांसारख्या, आणि डॉक्टर मान हलवून म्हणतात, हे वाचता येत नाही.

म्हणून मशीनच्या खोलीच्या अलीकडे एक लहान खोली होती. तिथे माणसांना तयार करून पुढे पाठवत. पाय लांब करता येतील अशा दोन खुर्च्या, भिंतीवर ठोके दाखवणारा छोटा पडदा, चिकटपट्ट्या, सुया, कापूस, आणि या सगळ्याची मालकीण असावी तशी वावरणारी एक सिस्टर. वय पन्नाशीच्या अलीकडचं, केस घट्ट बांधलेले, पायात आवाज न करणारी चप्पल. तिला कुणी नावाने हाक मारत नसे. तिच्या हाताखालून गेलेला माणूस साठवर येतोच, असा लौकिक पसरला होता, म्हणून डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला साठताई म्हणत.

माणूस आत यायचा तो आधीच घाबरलेला. रात्रीपासून चहा-कॉफी बंद, अंगात पुढून उघडा झगा, समोर अनोळखी पडदा. साठताई त्याच्या छातीवरचे केस जागच्या जागी भादरायची, चिकटपट्ट्या लावायची, उजव्या कोपराच्या खाचेत जाड सुई सरकवायची. ठोके कमी करायची गोळी द्यायची. आणि बोलायची. खरं काम बोलण्याचं होतं.

"खोल श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. सोडा आता. आत गेल्यावर एवढंच करायचंय. औषध सोडलं की अंगभर गरम लाट जाईल. लघवी झाली असं वाटेल. झालेली नसते. सगळ्यांना तसं वाटतं."

तिच्या आवाजाला चढ नव्हता आणि उतारही नव्हता. त्यात माया नव्हती, घाई नव्हती, राग तर नव्हताच. घागरीतलं गढूळ पाणी कुणी हलवलं नाही की गाळ आपसूक तळाला बसतो, तसं त्या आवाजाखाली माणसाचं काळीज बसत जायचं. पडद्यावरचा आकडा ऐंशीचा सत्तर व्हायचा, सत्तरचा त्रेसष्ट. ती आकड्याकडे बघायचीसुद्धा नाही.

विचारायचं ते सगळं ती त्याच आवाजात विचारायची. म्हातारं जोडपं आलं की आजींना म्हणायची, "आजी, बाहेरच्या पिंपातलं पाणी आणता का ग्लासभर?" आजी दाराबाहेर गेल्या की, "बाबा, पुरुषांच्या त्या गोळ्या घेता का कधी? या दोन-तीन दिवसांत?"

एकदा एका बाबांनी छताकडे बघत विचारलं, "या वयात हे कशाला विचारताय?"

"रक्तवाहिन्या फुलायला जिभेखाली फवारा मारायचाय. दोन्ही एकत्र झालं तर रक्तदाब धाडकन पडतो."

"मग परवा घेतलीय एक," बाबा हळूच म्हणाले. "पण उपयोग काही झाला नाही, तेव्हा ती धरू नका."

दाराशी उभा असलेला मशीनवाला तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. मशीन चालवणारा हा माणूस गोल पोटाचा, बोलका, आणि हसू न आवरणारा. साठताई हसली नाही. "फवारा नको यांना," एवढंच तिने त्याला सांगितलं, आणि कापूस उचलला.

पूर्वी ती हसली असती. तिचा हा आवाज पूर्वी फक्त या खोलीत राहायचा. ड्युटी संपली की खुंटीवर झगा टांगावा तसा तो ती इथे टांगून जायची, आणि घरच्या गल्लीत शिरता शिरता तिचा दुसरा आवाज निघायचा. तो आवाज शेजारच्या चार घरांना पाठ होता. नवऱ्याला बोलणं, लेकीला बोलणं, पाणीवाल्याला बोलणं, आणि बोलता बोलता स्वतःच फसकन हसणं. मग लेक गेली. परगावी शिकायला होती. रस्ता ओलांडताना गेली. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून साठताईकडे एकच आवाज उरला होता, आणि तो ती घरीही वापरायची. भात झालाय, वाढते. दिवा घालवते. उद्या सकाळची पाळी आहे. लोक म्हणत, सावरली हो बाई. ती सावरली होती की नुसती गोठली होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. थंड पाण्यात बराच वेळ हात ठेवला की हात आपला वाटत नाही. तिला सगळीकडेच तसं वाटत होतं, आणि त्याचा त्रासही वाटत नव्हता.

नवरा विजेच्या मोटारी गुंडाळायचा. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार ओरबाडून काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालत बसवायची, वर वार्निश द्यायचं. उभं आयुष्य त्या वार्निशच्या वासात गेलं होतं. त्यातून दमा जडला होता, खिशात श्वासाचा पंप असायचा. लेक गेल्यावर त्याने दुकान एक दिवसही बंद ठेवलं नाही. मात्र अलीकडे मोटार उचलून जिना चढताना छातीवर कुणीतरी मूठ ठेवून दाबतंय असं व्हायला लागलं. एकदा तो जिन्यातच बसला. मग साठताईने त्याला डॉक्टरांपुढे उभा केला.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, सीटी स्कॅन. दुसरा, मनगटातून थेट हृदयापर्यंत तार घालून बघायचं.

"तार नाही," नवरा म्हणाला. "मी जन्मभर मोटारीत तारा घातल्यात. माझ्यात कुणी घालायची नाही."

"आणि स्कॅन नीट आला नाही तर?"

"तर जातो घरी. काम पडलंय."

तो हट्टाला पेटला की पेटला. साठताईला ठाऊक होतं, स्कॅन वाया गेला तर हा माणूस पुन्हा हॉस्पिटलची पायरी चढणार नाही. मोटारी उचलत राहील, आणि एक दिवस जिन्यात बसेल तो उठणार नाही. तिने ते जाणलं, पण त्याची भीती तिला वाटली नाही. तो फक्त तिच्या डोक्यात एक आकडा झाला. त्याला साठला आणायचं.

स्कॅनच्या दिवशी मशीनवाला तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आज दुसरी सिस्टर बोलावू का? घरचा माणूस आहे."

"घरच्या माणसाला काय सुई वेगळी टोचते?" ती म्हणाली. "दम्यामुळे त्यांना आपली नेहमीची गोळी चालत नाही. ती दुसरी दिलीय. ती हळू चढते. बाकीचं मला करावं लागेल."

नवरा झगा घालून खुर्चीत टेकला. नखांच्या कडा वार्निशने तपकिरी. पडद्यावर ब्याण्णव.

तिने त्याच्या छातीवर वस्तरा फिरवला. केस पांढरे झालेत, हे तिला त्या पांढऱ्या दिव्याखाली दिसलं. चिकटपट्ट्या लावल्या. सुई टोचताना तो दुसरीकडे बघत राहिला.

"दुखलं?"

"नाही."

गोळीचा अंमल चढू लागला. ब्याण्णवचे चौऱ्याऐंशी झाले, मग शहात्तर. आता तिची पाळी. तिने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली, आणि रोजच्या आवाजात सुरू केलं.

"खोल श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."

आकडा वर गेला. एक्याऐंशी. शहाऐंशी.

तिला वाटलं, चिकटपट्टी सुटली असेल. ती पुन्हा दाबली. पुन्हा तेच शब्द, आणखी सावकाश. अठ्ठ्याऐंशी. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता आणि तो खुर्चीच्या हाताला धरून बसला होता, बस वळणावर कलंडताना धरावं तसा.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती उठून बाहेर गेली. मशीनवाला आत जाऊन नवऱ्याशी मोटारींबद्दल काहीबाही बोलत बसला, आपल्या घरचा मिक्सर जळालाय आणि बायको रोज वाटण पाट्यावर वाटायला लावते असं काहीतरी. साठताईने दाराच्या काचेतून पाहिलं. बहात्तर. सत्तर.

"येतील खाली," मशीनवाला बाहेर येऊन म्हणाला. "तुम्ही बाहेरच थांबा, ताई. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," ती म्हणाली. खरंच वाटत नव्हतं.

नवऱ्याला मशीनच्या टेबलावर आडवं केलं. हात डोक्यावर, पायाखाली उशी. साठताई आणि मशीनवाला काचेपलीकडच्या खोलीत आले. आकडा अडुसष्टवर होता. डॉक्टर म्हणाले होते, पासष्टच्या खाली आला की काढा. मशीनवाल्याने सरावाचं बटण दाबलं. आत टेबलावरच्या गोल कमानीतून आवाज आला.

"खोल श्वास घ्या. रोखून धरा."

आवाज साठताईचा होता. हे मशीन बसवलं तेव्हा त्याच्यात आपल्या भाषेतल्या सूचना नव्हत्या. कंपनीचा माणूस म्हणाला होता, ज्याचा आवाज सगळ्यात शांत असेल त्याने माइकवर बोला. तेव्हापासून आत जाणारा प्रत्येक माणूस तिच्याच आवाजावर श्वास धरत होता आणि तिच्याच आवाजावर सोडत होता. तिला त्याची इतकी सवय झाली होती, की हा आवाज आता आपल्या नवऱ्याच्या डोक्यावर वाजणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पडद्यावर नव्वद. मग चौऱ्याण्णव.

"बंद कर," आतून नवऱ्याचा आवाज आला. तो उठून बसायच्या बेतात होता. "बंद करा ते. मला नाही जमायचं."

साठताई दार ढकलून आत गेली. "काय होतंय? छातीत दुखतंय?"

"नाही."

"मग काय? नीट सांगा."

"हा आवाज नको." तो कमानीकडे बघत म्हणाला, तिच्याकडे नाही. "तू त्या दिवशी फोन केलास."

ती त्याच्या कोपरातल्या सुईवरची पट्टी दाबू लागली.

"मी दुकानात होतो. तू म्हणालीस, बसून घ्या. मी बसलो. तू म्हणालीस, खोल श्वास घ्या. मी घेतला. रोखून धरा म्हणालीस. मी धरला, मला वाटलं काहीतरी दवाखान्यातलं आहे, माझा रिपोर्ट वगैरे. आणि मग तू सांगितलंस." त्याने डोक्यावरचे हात खाली घेतले. "श्वास धरूनच ऐकलं मी सगळं. तेव्हापासून तू बोलायला लागलीस की मला वाटतं, आता सांगेल. भात झालाय म्हणालीस तरी वाटतं."

साठताईला तो फोन आठवत होता. म्हणजे असं, की तिने एका बाईला सुई लावली होती, तेव्हा पोलिसांचा फोन आला. तिने सुईवर पट्टी नीट चिकटवली, बाईला हात सरळ ठेवायला सांगितलं, आणि कोपऱ्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. काय बोलली ते तिला आठवत नव्हतं. त्या लहान खोलीत उभं राहून जे बोलायची सवय होती तेच तोंडातून निघालं असणार. माणूस घाबरू नये म्हणून आधी त्याला श्वास घ्यायला लावायचा. नियमच होता तो.

"मग मी कशी बोलू?" तिने विचारलं. हेही त्याच आवाजात निघालं. तिला ते ऐकू आलं.

"मला काय माहीत. पूर्वी बोलायचीस तशी बोल. शिव्या घाल."

"कशावरून घालू?"

तिने खरंच शोधून पाहिलं. ओला टॉवेल गादीवर टाकतो, तो ती वर्षभर मुकाट उचलत आली होती. वार्निशचे हात दाराला पुसतो. त्यावर रागवावं असं तिला आठवत होतं, राग आठवत नव्हता. बंद घरात एखादी वस्तू शोधावी आणि ती कुठल्या फडताळात होती हेच विसरावं, तसं झालं.

"नाही येत," ती म्हणाली.

मशीनवाला काचेपलीकडून माइकवर खाकरला. "काका, एक विचारू? आकडा गोळीनेही म्हणावा तसा उतरला नाही. सकाळी काही घेतलं नाहीत ना?"

नवऱ्याने कमानीकडे तोंड फिरवलं.

"काय घेतलंत?" साठताई म्हणाली.

"काही नाही. घोटभर चहा."

"चहा?"

"दुकान उघडून आलो जरा. गिऱ्हाईक बसलं होतं, त्याने मागवला. नाही कसं म्हणायचं? अर्धाच घेतला."

"अर्धा!" साठताई म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच फाटला, गंजलेला नळ उघडताना आधी हवा यावी तसा. "अहो, रात्री चहाचा डबा मी माळ्यावर ठेवला. माळ्यावर! सकाळी तुमच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून सांगून गेले, याशिवाय काही पिऊ नका. आणि तुम्ही गिऱ्हाइकाचा चहा पिता? लाज कशी वाटली नाही? इथे माणसं महिनामहिना थांबतात या टेबलासाठी. आणि हे आले चहा ढोसून! दूध-साखर घालून घेतला असेल ना वर?"

"दोन चमचे साखर," नवरा म्हणाला.

"दोन चमचे! घ्या, तेवढंच राहिलं होतं."

नवऱ्याची छाती हलायला लागली. तिला वाटलं, दमा उसळला. पण तो हसत होता, तोंड मिटून, डोळ्यांच्या कडांतून पाणी केसांत जात होतं. आकडा शंभरला टेकला आणि मग उतरायला लागला. उतरत राहिला. पंच्याऐंशी, चौऱ्याहत्तर. सदुसष्ट.

"ताई," माइकवर मशीनवाला कुजबुजला, "या इकडे. रेकॉर्ड बंद करतो, तुम्हीच बोला. पण हसवू नका हं, फोटो हलेल."

ती काचेपलीकडे आली. माइकपाशी वाकली. माइकची दांडी हाताला गार लागली. तो हात आपला आहे याचं तिला नवल वाटलं.

"श्वास घ्या. घ्या म्हणते ना! तेवढा नाही, पोटभर. आता धरा. मधेच सोडलात तर बघा, संध्याकाळी जेवायला मिळणार नाही."

त्रेसष्ट. मशीनवाल्याने बटण दाबलं. कमान गरगरली. नवरा दगडासारखा पडून होता.

"गरम वाटलं?"

आतून हात जरासा हलला.

"मला सांगायचं नाही, लघवी झाली म्हणून. झालेली नसते. सोडा श्वास. सोडा आता, सोडा."

झालं. एवढंच ते होतं. ती खुर्चीत बसली तेव्हा तो आवाज पुन्हा नाहीसा झाला होता आणि घशात फक्त खरखर राहिली होती. तिला रडू येईल असं मशीनवाल्याला वाटलं असावं, त्याने कापसाचा बोळा पुढे केला. तिने तो घेतला, आत गेली, सुई काढली आणि बोळा नवऱ्याच्या कोपरात दाबून धरला.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. अशा वेळी साठताई डॉक्टरांच्या मागे, पडद्याच्या बाजूला उभी असायची. नातेवाइकांना पाणी द्यायचं, चक्कर आली तर धरायचं. आज डॉक्टर म्हणाले, "बसा, ताई," आणि ती नवऱ्याशेजारच्या स्टुलावर बसली. पडद्यावर हृदय होतं. फोटो सुरेख आला होता. एकही रक्तवाहिनी फरफटली नव्हती, बारीकशा फांदीचं टोकसुद्धा कळत होतं. डॉक्टर पेनाचं टोक फिरवून बोलत होते. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. हे सगळे शब्द तिला रोजचे होते, आणि त्यातला एकही तिच्यापर्यंत पोचला नाही.

मग ती दोघं बाहेर आली. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर आपापल्या माणसांची वाट बघणारे लोक. नवऱ्याला पुष्कळ पाणी प्यायला सांगितलं होतं, तो बाटली घेऊन बसला. ती शेजारी बसली.

"काय म्हणाले हो ते?" तिने विचारलं.

नवऱ्याने वळून पाहिलं. "तू होतीस की तिथं."

"होते. ऐकू आलं नाही."

तो थोडा वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, त्याला येत होतं तसं. पुढच्या बाजूची एक नळी आहे, मोठी. ती एके ठिकाणी आवळलीय. गुंडाळीत एक वेढा जास्त ताणला की होतं ना, तसं. बाकीच्या ठीक आहेत. ती तेवढी उघडावी लागेल. तार घालूनच.

"मग?"

"मग काय. घालू दे."

"तुम्ही नको म्हणत होता."

"म्हणत होतो." त्याने एक घोट घेतला. बोळाच्या टोकाला कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक बाई पिशवी उचलून घाईने गेली. "डॉक्टर म्हणाले, नाही केलं तर कुठेतरी जिन्यात पडाल. मी मनात म्हटलं, पडलो तर लोक फोन कुणाला करणार? तुलाच करतील. इथे, तुझ्या त्या खोलीत. तू मग पट्टी चिकटवशील आणि कोपऱ्यात जाशील." त्याने झाकण घट्ट लावलं. "या वेळी तुला पुढे फोन लावायलाही कुणी नाही."

साठताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे हात धुण्याच्या सूचनेचं चित्र होतं, एक कोपरा सुटलेला. तिला बरंच काही कळलं असावं, पण ते अजून लांबून येत होतं.

"परत सांगा," ती म्हणाली. "कुठली नळी म्हणालात?"

त्याने बाटली खाली ठेवली आणि पहिल्यापासून परत सांगितलं.